मोटारगाडीचे इंजिन तेल

मोटारगाडीचे इंजिन तेल हे अंतर्ज्वलन इंजिनाच्या फिरत्या व सरकत्या भागांमधील घर्षण कमी करणारे वंगण आहे. झीज रोखण्याबरोबरच ते इंजिनातील उष्णता वाहून नेते, ज्वलनातून निर्माण होणारी काजळी व आम्ले धरून ठेवते, धातूंना गंजापासून वाचवते आणि पिस्टन व सिलिंडर यांमधील फट बंद राखण्यास मदत करते. बोलीभाषेत त्यास नुसते 'ऑइल' असे म्हणतात.

इंजिनाचे आयुष्य तेलाच्या संदर्भात तीन गोष्टींवर अवलंबून असते: तेलाची योग्य श्यानता, योग्य दर्जा आणि वेळेवर होणारा बदल. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी इंजिनाच्या रचनेवरून ठरतात आणि त्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या असतात. तिसरी गोष्ट मात्र गाडीच्या वापरावरही अवलंबून असते. त्यामुळे सर्व गाड्यांना लागू पडेल असा बदलाचा एकच आकडा सांगता येत नाही. महामार्गावर धावणाऱ्या गाडीस पुरेसा असणारा कालावधी शहरात रोज तीन-चार किलोमीटर जाणाऱ्या गाडीसाठी फार लांबचा ठरू शकतो.

कार्य

इंजिन बंद असताना बहुतेक तेल त्याच्या तळाशी असलेल्या पात्रात साठलेले असते. गॅरेजमध्ये या पात्रास 'चेंबर' म्हणतात. इंजिन सुरू होताच तेलपंप हे तेल खेचून घेतो, फिल्टरमधून ढकलतो आणि बारीक वाहिन्यांतून क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचवतो. सिलिंडरच्या भिंतींवर ते शिंतोड्यांच्या किंवा फवाऱ्याच्या रूपाने पडते. टर्बोचार्जर असल्यास त्याच्या अतिवेगाने फिरणाऱ्या दांड्यालाही बहुधा हेच तेल पुरवले जाते.

फिरणारा शाफ्ट आपल्याबरोबर तेल ओढून घेतो व शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पाचरीसारखा थर तयार होतो. शाफ्ट या थरावर तरंगत राहतो आणि धातूचा धातूशी संपर्क येत नाही. थराची जाडी काही मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहून पुष्कळच कमी असते. इंजिन सुरू होताना किंवा पिस्टन आपल्या फेरीच्या टोकाशी क्षणभर थांबतो तेव्हा हा थर पूर्ण टिकत नाही. अशा ठिकाणी तेलात मिसळलेली झीजरोधक रसायने धातूच्या पृष्ठभागावर संरक्षक लेप तयार करतात.

तेलाचा दाब नाहीसा झाल्यास बेअरिंग अल्पावधीत तापून खराब होतात आणि इंजिन जाम होऊ शकते. गाडीच्या दर्शकफलकावरील तेलाच्या किटलीच्या आकाराचा लाल दिवा हा बहुतेक गाड्यांमध्ये दाब कमी झाल्याचा इशारा असतो, तेल थोडे कमी झाल्याची सूचना नसते. चालत्या गाडीत हा दिवा लागल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन ताबडतोब बंद करणे आवश्यक असते.

इतिहास

'वंगण' हा शब्द मराठीत मोटारीच्या पूर्वीपासून, बैलगाडीच्या आसाला घालावयाच्या स्निग्ध पदार्थासाठी रूढ आहे. खनिज तेलाचा व्यापारी वापर सुरू होण्यापूर्वी यंत्रांसाठी प्राण्यांची चरबी व वनस्पतिजन्य तेले वापरली जात. अमेरिकेत जॉन एलिस यांनी १८६६ मध्ये खनिज तेलापासून वंगण बनवणारी कंपनी स्थापन केली. तिच्या तेलास पुढे 'व्हॅल्व्होलिन' हे नाव मिळाले. ब्रिटनमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने मोटारी व विमाने यांसाठी एरंडेल मिसळलेले तेल बाजारात आणले. 'कॅस्ट्रॉल' हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलेले आहे. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेल वापरले जाई. एरंडेलाचा थर उत्तम टिकतो. पण उष्णतेने ते चिकट होऊन डिंकासारखा साका तयार होतो. त्यामुळे नित्याच्या वापरासाठी ते मागे पडले.

अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने १९११ मध्ये इंजिन तेलांची पहिली प्रतवारी प्रसिद्ध केली. तापमानानुसार श्यानता किती बदलते हे दर्शवणारा श्यानता निर्देशांक १९२९ मध्ये मांडला गेला. झीजरोधक म्हणून आजही वापरले जाणारे जस्त व फॉस्फरसयुक्त संयुग १९४० च्या दशकात प्रचारात आले. मोटारींसाठी संश्लेषित तेलांचा व्यापारी प्रसार १९७० च्या दशकात सुरू झाला.

घटक व प्रकार

इंजिन तेलाचा मोठा हिस्सा मूळ तेलाचा असतो आणि उरलेला हिस्सा समावेशकांचा, म्हणजे विशिष्ट गुण आणण्यासाठी मिसळलेल्या रसायनांचा असतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे 'एपीआय'ने, मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले तीन गट खनिज तेलापासून मिळतात. गट क्रमांकाबरोबर शुद्धता वाढत जाते. तिसऱ्या गटाचा श्यानता निर्देशांक १२० किंवा त्याहून अधिक असतो. चौथ्या गटात पॉलिअल्फाओलेफिन हे रासायनिक संश्लेषणाने बनवलेले तेल येते. एस्टरे व इतर सर्व मूळ तेले पाचव्या गटात मोडतात.

बाजारात खनिज, अर्धसंश्लेषित व पूर्ण संश्लेषित अशी विभागणी आढळते. पूर्ण संश्लेषित म्हणून विकली जाणारी अनेक तेले तिसऱ्या गटातील, म्हणजे खनिज तेलावरच खोलवर प्रक्रिया करून बनवलेली असतात. संश्लेषित तेल थंडीत अधिक सहज वाहते, उष्णतेत कमी उडते आणि ऑक्सिडीभवनाला अधिक काळ तोंड देते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनांत हे गुण विशेष उपयोगी पडतात. मात्र डब्यावरील 'संश्लेषित' हा शब्द योग्य दर्जाची जागा घेऊ शकत नाही. माहितीपुस्तिकेतील मानक पूर्ण करणारे साधे तेल हे ते मानक पूर्ण न करणाऱ्या महागड्या तेलापेक्षा त्या इंजिनासाठी अधिक योग्य असते.

समावेशकांमध्ये पृष्ठभाग स्वच्छ ठेवणारी व आम्लांचे उदासिनीकरण करणारी प्रक्षालके, काजळीचे कण एकत्र येऊ न देणारी विखुरणारी रसायने, झीजरोधके, ऑक्सिडीभवन रोखणारी द्रव्ये, फेसरोधके आणि उष्णतेत तेल फार पातळ होऊ न देणारी बहुवारिके यांचा समावेश होतो. तेल जुने होते म्हणजे मुख्यतः ही रसायने खर्च होतात आणि त्यात बाहेरची घाण साठते.

श्यानता व प्रतवारी

श्यानता म्हणजे द्रवाचा वाहण्यास होणारा विरोध, अर्थात दाटपणा. एसएई जे३०० या मानकात तेलाच्या श्यानतेनुसार प्रती ठरवल्या आहेत. '५डब्ल्यू-३०' यासारख्या प्रतीत 'डब्ल्यू' हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याआधीचा अंक थंडीतील वर्तन दाखवतो. तो जितका लहान तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते. नंतरचा अंक इंजिन तापल्यावरची श्यानता दर्शवतो. हे अंक तापमानाचे अंश नसून केवळ प्रतीची नावे आहेत.

थंडीतील श्यानतेची एक चाचणी ५डब्ल्यू प्रतीसाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना व १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना घेतली जाते. तापलेल्या स्थितीतील श्यानता १०० अंशांना मोजतात. ३० प्रतीच्या तेलाची शुद्धगतिक श्यानता या तापमानाला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या मर्यादेत, तर ४० प्रतीच्या तेलाची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. याशिवाय बेअरिंगमधील प्रत्यक्ष परिस्थितीचा अंदाज येण्यासाठी १५० अंश तापमानाला व तीव्र कर्तनाखाली तेलाची श्यानता तपासतात.

महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात पहिल्या अंकाला महत्त्व नाही असा समज आढळतो. तो पूर्णतः बरोबर नाही. इंजिनाच्या दृष्टीने ४० अंश हेही थंडच तापमान असते. या तापमानाला सामान्य बहुप्रतीय तेल १०० अंशांच्या तुलनेत सुमारे सहा ते आठ पट दाट असते. त्यामुळे सकाळी इंजिन सुरू केल्यावर वरच्या भागांपर्यंत तेल लवकर पोहोचण्यासाठी लहान पहिला अंक येथेही उपकारक ठरतो.

दाट तेल म्हणजे अधिक संरक्षण हा समजही सरसकट लागू पडत नाही. अलीकडच्या इंजिनांत इंधनबचतीसाठी ०डब्ल्यू-२०, ०डब्ल्यू-१६ अशी पातळ तेले वापरतात. बेअरिंगमधील फटी, पंपाची क्षमता व तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपांच्या वेळेची यंत्रणा यांची आखणी त्या श्यानतेला धरून केलेली असते. अशा इंजिनात फार दाट तेल घातल्यास घर्षण व इंधनाचा खप वाढतो आणि थंड स्थितीत तेल पोहोचण्यास विलंब होतो. उलट, ज्या इंजिनासाठी १५डब्ल्यू-४० सांगितले आहे त्यात फार पातळ तेल घातल्यास थर तुटण्याचा धोका असतो. काही उत्पादक स्थानिक तापमानानुसार एकाहून अधिक प्रतींना मान्यता देतात. निवड त्या यादीतूनच करणे इष्ट असते.

दर्जाची मानके

श्यानता सारखी असलेली दोन तेले दर्जाने अगदी भिन्न असू शकतात. एपीआयच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांच्या तेलांची नावे 'एस' या अक्षराने व अवजड डिझेल इंजिनांच्या तेलांची नावे 'सी' या अक्षराने सुरू होतात. पेट्रोल इंजिनांसाठीचा 'एसएन' हा वर्ग २०१० मध्ये, तर 'एसपी' हा वर्ग २०२० मध्ये लागू झाला. थेट इंधनफवारणीच्या टर्बो इंजिनांत कमी गतीला होणारे अकाली ज्वलन आणि टायमिंग साखळीची झीज यांविरुद्धच्या चाचण्या एसपी वर्गात आहेत. डिझेल इंजिनांसाठी 'सीके-४' हा वर्ग २०१६ च्या अखेरीस आला. वर्गाचे नाव डब्यावरील वर्तुळाकार चिन्हाच्या वरच्या भागात व श्यानतेची प्रत मध्यभागी छापलेली असते.

युरोपीय वाहन उत्पादकांच्या 'एसीइए' या संघटनेचे वर्गीकरण वेगळे आहे. त्यातील 'सी' मालिकेची तेले कमी राख देणारी असतात. डिझेल गाडीच्या धुराड्यातील कण-गाळणीत साठलेली काजळी जाळून टाकता येते. पण तेलातील धातुयुक्त समावेशकांची राख जळत नाही आणि ती गाळणी हळूहळू बुजवते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर डिझेल मोटारगाड्यांत ही गाळणी सर्वसामान्य झाली. त्यामुळे जुन्या डिझेल गाडीत चालणारे तेल नव्या गाडीत चालेलच असे नाही.

काही उत्पादकांची स्वतःची मानके असतात. फोक्सवॅगन समूहाच्या एका पिढीतील डिझेल इंजिनांत कॅमशाफ्ट झडपांबरोबरच इंधनाचे पंपही दाबत असे. कॅमवरील या जादा भारासाठी कंपनीने ५०५.०१ हे वेगळे मानक ठरवले होते. हे मानक पूर्ण न करणारे तेल वापरल्यास, श्यानता योग्य असूनही, कॅम लवकर झिजण्याचा धोका असे.

तेल खराब होण्याची कारणे

- उष्णता व ऑक्सिजन: तापलेल्या तेलाचे ऑक्सिडीभवन होऊन ते दाट व आम्लधर्मी बनते. तापमान वाढते तसा हा वेग झपाट्याने वाढतो.
- पाणी: एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातील बहुतेक वाफेच्या रूपाने धुराड्यातून बाहेर जाते. काही वाफ मात्र पिस्टन रिंगांवरून खाली उतरते आणि थंड इंजिनात तेलात मिसळते.
- इंधन: थंड इंजिनाला जादा इंधन लागते. त्यातील न जळलेला भाग सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतो व तेल पातळ करतो.
- काजळी व धूळ: काजळी डिझेल इंजिनांत अधिक असते. हवेचा फिल्टर खराब असल्यास धूळही तेलापर्यंत पोहोचते.
- नायट्रोजनची ऑक्साइडे: सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनांत काजळी कमी असते, परंतु ज्वलनाचे तापमान जास्त असल्याने नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे तेल दाट होण्याचा संभव असतो. तेल स्वच्छ दिसत असले तरी ते ताजे आहे असे समजता येत नाही.

इंजिन पूर्ण तापून काही काळ चालले तर तेलातील पाणी व बरेचसे इंधन उडून जाते. गाडी रोज थोडेच अंतर जाऊन बंद होत असेल तर ही सफाई होत नाही. पाणी, आम्ले व ऑक्सिडीभूत तेल यांपासून चिकट काळा गाळ तयार होतो. तो पंपाच्या जाळीवर साचल्यास तेलाचा पुरवठाच तुटतो. म्हणूनच कमी वापरली जाणारी गाडी तेलाच्या दृष्टीने 'आरामात' असते असे म्हणता येत नाही.

बदलाचा कालावधी

उत्पादक किलोमीटर व महिने अशा दोन मर्यादा देतात. त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती पाळावयाची असते. भारतातील अनेक पेट्रोल गाड्यांसाठी १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने अशी मर्यादा आढळते. युरोपात दीर्घायुषी तेलाची अट घालून काही उत्पादक ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षे इतकी मुभा देतात. अमेरिकेत दर ३,००० मैलांनी, म्हणजे सुमारे ४,८०० किलोमीटरनी तेल बदलण्याचा प्रघात दीर्घकाळ होता. आधुनिक इंजिने व तेले यांसाठी तो बहुधा अनावश्यक ठरल्याने कॅलिफोर्निया राज्याने त्याविरुद्ध जनजागृतीची मोहीम राबवली.

माहितीपुस्तिकेत बहुधा 'कठीण वापर' या शीर्षकाखाली कमी कालावधीही दिलेला असतो. वारंवार होणारे अल्प अंतराचे प्रवास, वाहतूक कोंडीत चालू राहणारे इंजिन, धुळीचे रस्ते, घाटातील चढण, जादा भार किंवा ट्रेलर ओढणे या गोष्टी त्यात मोडतात. शहरातील पुष्कळ गाड्यांचा रोजचा वापर या व्याख्येत बसतो, तरीही सामान्य वापराचाच आकडा पाळला जातो. कोंडीत उभ्या गाडीचे इंजिन चालू असते, पण किलोमीटर वाढत नाहीत. त्यामुळे ओडोमीटरवरील आकडा तेलाने केलेले काम कमी दाखवतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी जनरल मोटर्सने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काही गाड्यांत तेलाचे उरलेले आयुष्य दाखवणारी प्रणाली बसवली. अशा प्रणाली बहुधा तेलाची रासायनिक तपासणी करत नाहीत. इंजिनाचे फेरे, तापमान व प्रवासाचे स्वरूप यांवरून त्या अंदाज बांधतात. प्रत्यक्ष स्थिती कळण्यासाठी प्रयोगशाळेत श्यानता, उरलेली अल्कधर्मीयता, इंधनाचे प्रमाण व झिजलेल्या धातूंचे कण तपासता येतात. ट्रक व बस यांचे मोठे ताफे बाळगणाऱ्या संस्थांना ही तपासणी किफायतशीर ठरते.

दीर्घायुषी इंजिनाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणून अमेरिकेतील विज्ञानशिक्षक इर्व्ह गॉर्डन यांच्या १९६६ च्या व्होल्व्हो पी१८००एस या गाडीचा उल्लेख होतो. या गाडीने २०१३ मध्ये ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले व तिची नोंद गिनीज विश्वविक्रमांत झाली. तिचे इंजिन पहिल्यांदा पूर्ण दुरुस्त केले गेले ते सुमारे ६ लाख ८० हजार मैलांनंतर. गॉर्डन तेल नियमितपणे बदलत असत. परंतु त्यांचा कामावर जाण्यायेण्याचा रोजचा प्रवासच सुमारे १२५ मैलांचा होता, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यांचे इंजिन रोज पूर्ण तापून दीर्घकाळ चाले. त्यामुळे केवळ वारंवार तेल बदलल्याने इंजिन इतके टिकले असा निष्कर्ष या एका उदाहरणावरून काढता येत नाही.

पातळी व तपासणी

दोन बदलांच्या दरम्यान पातळी पाहणे हा देखभालीचा सर्वांत स्वस्त भाग होय. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून, डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी. तेल तिच्यावरील किमान व कमाल खुणांच्या मध्ये असावे. पातळी किमान खुणेखाली गेल्यास उरलेले तेल अधिक तापते आणि वळणावर किंवा चढणीवर पंप हवा ओढू शकतो. कमाल खुणेच्या वर तेल भरल्यास क्रँकशाफ्ट ते घुसळून फेस करू शकतो. फेसाळलेल्या तेलाचा थर टिकत नाही.

तेल न घालता पातळी वाढत गेली तर ती चांगली खूण नसते. त्यात इंधन किंवा शीतक द्रव मिसळत असल्याचा संभव असतो. डिझेल गाडीची कण-गाळणी साफ होण्यासाठी अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये जादा इंधन फवारले जाते. शहरी प्रवासात ही क्रिया वारंवार अर्धवट तुटल्यास डिझेल तेलात उतरून पातळी वाढते. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी किंवा शीतक द्रव मिसळल्याची शक्यता असते. केवळ तेल काळे पडले म्हणून ते निकामी झाले असे मात्र नाही. काजळी धरून ठेवणे हे तेलाचे कामच असल्याने डिझेल इंजिनातील नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते.

तेल बदलताना फिल्टरही बदलतात. तो बुजल्यास आतील झडप उघडते आणि तेलाचा प्रवाह चालू राहावा म्हणून न गाळलेले तेल पुढे जाऊ दिले जाते. वापरलेले मानक, प्रत, तारीख व ओडोमीटरवरील आकडा यांची नोंद ठेवल्यास पुढील बदल चुकत नाही आणि गाडी विकतानाही ती उपयोगी पडते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेल्या इंजिन तेलात झिजलेल्या धातूंचे कण व आरोग्यास घातक अशी बहुचक्रीय संयुगे असतात. ते गटारात किंवा जमिनीवर ओतल्यास पाणी व माती दूषित होते. भारतात वापरलेल्या तेलाचा समावेश घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत होतो. २०२३ मधील दुरुस्तीने त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली. योग्य शुद्धीकरण केल्यास अशा तेलापासून पुन्हा मूळ तेल मिळवता येते, कारण वापरात मुख्यतः समावेशके संपलेली असतात. मूळ तेलाचा बराचसा भाग शाबूत राहिलेला असतो.